सेल बदलता येतो का?

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे माळा साफ करताना एक वॉकमन सापडला. मामा इंजिनीअरिंगला असताना, म्हणजे नव्वदच्या दशकात घेतलेला. एकदम स्लिम, कॅसेटच्या डबीहून जेमतेम मोठा. मामा म्हणाला, "हवा तर ने, पण चालणार नाही. त्याचा सेलच मिळत नाही आता."

मला वाटलं, सेल काय, कुठेही मिळेल! पण यात आपला पेन्सिल सेल बसतच नाही. च्युइंगगमच्या पट्टीसारखा चपटा रिचार्जेबल सेल लागतो. व्होल्टेज १.२, लांबी साधारण ६७ मिलिमीटर आणि जाडी फक्त ६. पुण्यात तपकीर गल्लीत अर्धा दिवस फिरले. एका दुकानदाराने सेल उलटसुलट करून मलाच विचारलं, "ताई, हे काय आहे?" दुसरे काका म्हणाले, "अहो, मोबाईलवर ऐका की गाणी!"

आता गंमत पाहा. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला. त्यात दोन साधे पेन्सिल सेल लागायचे. तो आज कोणाकडे असेल, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून त्याचे सेल आणता येतील. आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी निघालेला, जास्त प्रगत वॉकमन मात्र माळ्यावर! का, तर जाडी कमी करायला वेगळ्या आकाराचा सेल घेतला, आणि पुढे तो सेल दुकानांतून गेला. यंत्र मेलं नाही, त्याचा शिधा बंद झाला.

शेवटी जुगाड केलाच. अशा वॉकमनला बाहेरून पेन्सिल सेल लावायची एक डबी मिळायची. ती मामाने कधीच हरवली होती. पण त्यावरून एक कळलं, की साधा १.५ व्होल्टचा सेल याला चालतो. मग एका सेलचा होल्डर आणला, मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासलं आणि दोन वायरी आत नेल्या. कॉन्टॅक्टवरचा पांढरा थर व्हिनेगर लावलेल्या इअरबडने निघाला. कॅसेट फिरली! बेल्ट सैल झालाय, म्हणून आवाज जरा लहरतो, पण चालतो.

मात्र एक सांगते, माप जुळलं म्हणजे झालं, असं नाही. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखाच असतो, पण तो ३.७ व्होल्टचा! जुन्या यंत्रात घातला तर सर्किट जळू शकतं. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचंही असंच. त्यांचे लाइट मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले, आणि ते योग्यच झालं. पण त्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातला की बरेच मीटर चुकीचं रीडिंग देतात. तिथे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल जवळचा पडतो. तो १.४ व्होल्टचा असतो. स्टिकर काढल्यावर काही आठवडेच टिकतो, पण काम भागतं.

आता मुद्द्याचं. कंपन्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण गेल्या सेमिस्टरला आम्ही मिनी-प्रोजेक्टमध्ये काय केलं? बॉक्स छान दिसावा म्हणून बॅटरी ग्लू गनने चिकटवून टाकली. सरांनी विचारलं, "उद्या ही गेली तर बदलणार कशी?" आम्ही हसलो. "सर, तोपर्यंत सबमिशन होऊन जाईल!" मामाच्या वॉकमनचा डिझायनरही कदाचित असाच हसला असेल.

युरोपियन युनियनने २०२३ साली नियम केला. छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता आणि बदलता आली पाहिजे. काही अपवाद आहेत, आणि मुदत फेब्रुवारी २०२७ ची दिली. आपल्याकडचे २०२२ चे बॅटरी कचरा नियम मुख्यतः जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं रीसायकलिंग करण्याबद्दल आहेत. ते हवंच. पण यंत्र कचऱ्यात जाऊच नये, ही सोय डिझाइनच्या टेबलावरच करावी लागते.

म्हणून मित्रांनो, प्रोजेक्ट करताना दोनच गोष्टी पाळूया. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल असा घ्यायचा, आणि झाकण स्क्रू ड्रायव्हरने उघडेल असं ठेवायचं. बॉक्स चार मिलिमीटर जाड झाला तर होऊ दे. वीस वर्षांनी आपली भाची माळा साफ करेल, तेव्हा ती आपल्याला शिव्या तरी घालणार नाही!