प्लेट कसली बदलता, अक्ष तपासा!

तंजावरमध्ये जुनी गाडी बाळगणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: 'क्लच पोच्चु, सार.' क्लच गेला. बॉनेट उघडलेलं नसतं, पेडलवर पाय ठेवून पाहिलेला नसतो, तरी निदान झालेलं असतं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट चेन्नईच्या पुदुपेट बाजारातून मागवायची यादीसुद्धा तयार असते. ही शुद्ध कामचोरी आहे, आणि निमूटपणे पैसे मोजणारे आपण मालक तिचे भागीदार आहोत.

माझी गाडी स्टँडर्ड हेराल्ड. १९६१ पासून मद्रासला बनू लागलेली, ९४८ सीसी इंजिनाची. रिव्हर्स टाकताना गिअर कर्रकन वाजायचा. एका गॅरेजने प्लेट बदलली. काही महिन्यांत दुखणं परत. पुन्हा प्लेट. त्या वेळी मी शेजारी उभा होतो आणि जे पाहिलं त्याचा संताप अजून उतरलेला नाही. हेराल्डचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून, दोन सीटांमधल्या बोगद्याचं झाकण काढून निघतो. बसवताना तो दोघांनी तोलून धरायला हवा. इथे एका पोराने तो अर्धा सरकवला आणि हात सोडून पाना शोधायला गेला. सगळं वजन क्लच प्लेटच्या हबवर लोंबकळत होतं. उरलेली फट मग बोल्ट आवळून मिटवली. नवीकोरी प्लेट गाडी रस्त्यावर येण्याआधीच वाकली. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बेल हाउसिंगची जागा पक्की धरणारे डॉवेल आधी कुणीतरी हरवले होते, त्यांच्या भोकांत साधे बोल्ट कोंबलेले. गॅरेजच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, 'ते नसले तरी चालतं, सार.'

नाही चालत! गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या टोकातल्या ब्राँझच्या बुशमध्ये फिरतं. शाफ्ट आणि क्रँक, दोन्हींचा अक्ष एकच हवा. तो सरकला की बुश अंडाकृती झिजतो, बेअरिंग ओरडतं, क्लच नीट सुटत नाही, चालत्या गाडीत गिअर उडतो. प्लेट बदलून यातलं काय दुरुस्त होणार? बेल हाउसिंग एकटं इंजिनावर बसवा, क्रँकवर डायल गेज लावा, गेजचं टोक हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने फिरवा. काटा एका फेऱ्यात ०.००५ इंचाहून, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटरहून जास्त हलला तर चूक तिथेच आहे.

त्याहीआधी कान वापरा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबताच शांत, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पेडलला नुसता पाय लागताच आवाज आला तर रिलीज बेअरिंग. गाडी उभी, गिअर टाकलेला, पेडल पूर्ण दाबलेलं आणि तेव्हाच किंचाळी, तर तो बुश. क्लच सुटत नसेल तर स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते बघा. क्लचच्या ऑइलमध्ये हवा असेल तर गिअरबॉक्स उतरवायची गरजच नाही. आणि हेराल्डवाल्यांनो, कुणालातरी पेडल दाबायला सांगून पुढच्या पुलीकडे बघा. ती डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर संपलेत. तिथली मोकळीक ०.१ ते ०.२ मिलिमीटर एवढीच असायला हवी. वॉशर निसटून खाली पडले तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खराब होतात. अशा गाडीला नवा क्लच बसवून परत पाठवणं हा गुन्हा आहे.

याच जिल्ह्यात, स्वामिमलैला, धातूच्या मूर्ती ओतणारे मूर्तिकार मेणाला हात लावण्याआधी नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात आणि घड्या घालून तिच्यावर प्रमाण पाडतात. मोजल्याशिवाय काम सुरूच होत नाही. त्या मातीतला गॅरेजवाला डायल गेज नाही म्हणतो, हे मी ऐकून घेणार नाही. गेज आणि चुंबकी स्टँड हत्यारांच्या दुकानात मिळतात.

मालकांचीही गय करू नये. रंग आणि क्रोमसाठी हे लोक सढळ हाताने खर्च करतात, पण मोजण्याची मजुरी मागितली की 'नुसतं बघायचे पैसे?' म्हणून भांडतात. म्हणून मेकॅनिक मोजत नाही; सुटा भाग विकला तरच त्याचं पोट भरतं. मी आता सरळ सांगतो: तपासणीची मजुरी पूर्ण घ्या, हवी तर जास्त घ्या, पण काट्याने दाखवलेला आकडा बिलावर लिहा. आकडा नसेल तर प्लेटचे पैसे मिळणार नाहीत.