संयुक्त विवरणपत्रावरची दुसरी सही

अमेरिकेतील आपल्या अनेक घरांत एप्रिल महिना सारखाच उगवतो. पती संगणकासमोर बसून करविवरणपत्र भरतो. सहीऐवजी दोघांनी आपापला पाच आकडी पिन द्यायचा असतो. पत्नीचा पिनही तोच टाकतो. मीही सहा वर्षे हेच केले आणि त्यात काही गैर आहे असे मला कधी वाटले नाही.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका ताईंना आयआरएसची थकबाकीची नोटीस आली. घटस्फोट होऊन दोन वर्षे झाली होती. विवाहाच्या काळात पतीने पुण्यातील घराचे भाडे आणि ठेवींवरचे व्याज विवरणपत्रात दाखवले नव्हते. ताई एच-४ व्हिसावर होत्या. त्यांची स्वतःची कमाई शून्य. कराचे सर्व देणे पतीचे, असे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात स्पष्ट लिहिलेले होते. तरीही नोटीस त्यांच्या नावाने आली.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. संयुक्त विवरणपत्रावर सही करणारे दोघेही संपूर्ण कर, व्याज आणि दंडाला एकत्रितपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. हुकूमनामा पती-पत्नीमधला असतो. आयआरएसवर तो बंधनकारक नसतो. आयआरएस सगळी रक्कम कोणा एकाकडून वसूल करू शकते. त्यानंतर माजी पतीकडून पैसे मागण्यासाठी पुन्हा न्यायालयात जायचे, ते आपणच.

सुटकेची वाट आहे. फॉर्म ८८५७ भरून निर्दोष जोडीदार म्हणून सवलत मागता येते, घटस्फोटितांना जबाबदारीची विभागणी मागता येते किंवा न्याय्यतेच्या आधारे दिलासा मागता येतो. पहिल्या दोन मार्गांसाठी वसुलीची पहिली कारवाई झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अर्जाची माहिती माजी जोडीदाराला कळवली जाते. मात्र अर्जदाराचा नवा पत्ता त्याला दिला जात नाही. अडचण पुराव्याची असते. निर्दोष जोडीदाराची सवलत हवी असेल, तर चूक आपल्याला ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, हे दाखवावे लागते. ज्या कागदावर आपली सही आहे, त्याबद्दल हे दाखवणे सोपे नाही.

‘सुखी संसारात असला हिशेब कशाला?’ असे काही बांधव विचारतील. संयुक्त विवरणपत्राने कर बहुधा कमी होतो, हे खरे. ते सोडा असे मी म्हणत नाही. पण स्त्रीला घटस्फोटाचा आणि संपत्तीचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, हे १९५१ साली मंत्रिपद सोडण्यामागचे एक प्रमुख कारण म्हणून बाबासाहेबांनी सांगितले होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्या घरात पत्नीची सही पतीच्या बोटांनी व्हावी, हे आपल्याला शोभत नाही.

यंदा आम्ही दोघांनी एक संध्याकाळ राखून ठेवली. भारतातील व्याजासह प्रत्येक आकडा एकत्र वाचला. विवरणपत्राची प्रत तिने स्वतःच्या ईमेलवर घेतली आणि तिचा पिन तिनेच टाकला. त्याआधी तिने तीन प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.