हरित वीज कोणाच्या खात्यावर?

नगर परिषदेच्या सभेत वीजबिलाचा विषय आला की आपले नगरसेवक जांभया देऊ लागतात. गटारासाठी, रस्त्यासाठी, समाजमंदिरासाठी ते तावातावाने भांडतील. वीजबिलाचा ठराव मात्र चर्चेविना मंजूर होतो. वास्तविक पाणी उपसणारे पंप, पथदिवे, कार्यालये आणि दवाखाने यांच्या विजेवर दर महिन्याला न चुकता जाणारा हा पैसा जनतेचा आहे. तो कसा खर्च होतो याचा हिशेब आपल्या चळवळीने कधी मागितला नाही. आता मागावा लागेल, कारण याच खात्यांवर सौर आणि पवन वीज घ्या, अशी भाषा शासन बोलू लागले आहे.

२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य शासनाने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशा पंचतत्त्वांवर नगर परिषदांना आणि ग्रामपंचायतींना गुण मिळतात आणि ऊर्जेचे गुण अग्नीच्या रकान्यात पडतात. (शासनाला वीजबिलसुद्धा पंचमहाभूतांतूनच का बघावेसे वाटते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) गुण मिळाले की बक्षीस मिळते, म्हणून अधिकारी गुणांच्या मागे लागतात. धोका इथेच आहे.

हरित वीज घेण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला सोपा आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणच्या ग्राहकांना एक मुभा दिली. नेहमीच्या दरावर तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जादा भरायचे आणि तुमची सगळी वीज नवीकरणीय असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. तार तीच, खांब तोच, मीटरही तेच. एखादी नगर परिषद महिन्याला एक लाख युनिट वापरत असेल, तर त्या दराने तिला महिन्याला ६६ हजार आणि वर्षाला ७ लाख ९२ हजार रुपये जादा मोजावे लागतील. त्या बदल्यात कागद मिळेल. तो कार्यालयात चौकट करून लावता येईल, अभियानाच्या फाईलला जोडता येईल. वस्तीतला एक दिवाही त्याने वाढणार नाही.

दुसरा रस्ता स्वतःच्या छपराचा आहे. एक किलोवॅटच्या सौर पॅनेलला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १४०० युनिट वीज मिळते. किलोवॅटला अंदाजे ५० हजार रुपये खर्च धरला, तर वरच्या ७ लाख ९२ हजारांत दरवर्षी १५ किलोवॅट बसतात आणि ती मालमत्ता नगर परिषदेचीच राहते. पॅनेल पंचवीस वर्षे चालते. कागद मात्र दरवर्षी नव्याने विकत घ्यावा लागतो. इतका साधा हिशेब कोणत्याही बचत गटातली बाई करून दाखवील.

मात्र इथे एक गोम आहे. पथदिवे रात्री लागतात आणि सूर्य दिवसा असतो. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रीडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते खरी, पण तो हिशेब त्या जागेच्या मीटरशी बांधलेला असतो. नगर परिषदेच्या छपरावरची वीज चौकातल्या पथदिव्याच्या मीटरवर आपोआप वळत नाही. त्याला निराळे नियम लागतात. म्हणून सुरुवात दिवसा वीज खाणाऱ्या जागांपासून करावी. आपल्याकडे तसा सर्वात मोठा खर्च पाण्याचा आहे. पालघर शहर आणि २६ गावांच्या योजनेचे पाणी सूर्या नदीवरच्या मासवणहून येते. ते उपसून, शुद्ध करून, टाक्यांत चढवायला वीज लागते. पंपगृहाजवळच्या मोकळ्या जागेवर, शुद्धीकरण केंद्राच्या छपरावर आणि शाळा-दवाखान्यांवर पॅनेल बसली तर बिल खरोखर कमी होईल.

ही गोष्ट मुंबईला आमच्या आधी समजली. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले. २०१४ साली ते पूर्ण झाले. पुढे त्याच धरणावर २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगती सौर अशा १०० मेगावॅटच्या प्रकल्पाची योजना महापालिकेने आखली. महापालिकेचा व्यवहार चोख आहे. प्रमाणपत्र विकत घेत बसण्यापेक्षा आपल्या मालकीच्या पाण्यावर वीज करायची, असा तो विचार. पण त्याच मोखाड्यात उन्हाळा लागला की आदिवासी पाड्यांवर टँकर फिरतात. पाणी मुंबईला जाते, वीज मुंबईच्या हिशेबात जमा होते, आणि ज्यांच्या डोंगरदऱ्यांत धरण उभे आहे त्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर समाजाच्या खात्यावर काय जमा होते? ही वाटणी जुनी आहे. सूर्या प्रकल्पाची धरणे आदिवासींच्या शेतीचे नाव घेऊन बांधली गेली आणि पाण्याचे मोठे वाटे वसई-विरार, मीरा-भाईंदरकडे वळले.

तारापूरची कथाही तीच. १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र इथे सुरू झाले. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या चालू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. त्याच वर्षांत महाराष्ट्र भारनियमनाने होरपळत होता आणि वीज पिकवणाऱ्या या मुलखातली गावे कंदील लावून बसत होती. वीज जवळ तयार झाली म्हणून जवळच्याला मिळते असे नाही. ती कोणाला मिळणार, हे मालकी आणि खातेवही ठरवते.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे असा आग्रह धरला, कारण औद्योगिकीकरणाशिवाय या देशातला गरीब दारिद्र्यातून सुटणार नाही असे त्यांचे मत होते. आपण त्यांना घटनाकार म्हणून हार घालतो. त्यांचे वीजविषयक काम मात्र आपल्या शिबिरांत क्वचितच शिकवले जाते.

बोईसरचे दुखणे निराळे. औद्योगिक वसाहतीमुळे गाव शहराएवढे फुगले, पण कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या चौकटीत चालला. कारखाने २४ तास झगमगत राहिले आणि कामगारांच्या चाळींत अंधार. २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडायला सुरुवात केली, तेव्हा सरपंच रस्त्यावर उतरले. दिवा गेला की पहिला फटका रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला बसतो. म्हणून सौर पथदिव्यांची पहिली रांग वसाहतीतून चाळींकडे आणि बौद्धवाड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर लागली पाहिजे. पुढाऱ्याच्या बंगल्यासमोरचा चौक नंतर उजळला तरी चालेल.

ठेक्याचे काय? अनेक ठिकाणी खाजगी कंपनी पॅनेल स्वतःच्या खर्चाने बसवते आणि नगर परिषद तिच्याकडून पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने वीज घेते. तिजोरी रिकामी असेल तर हा मार्गही वाईट नाही. पण पंचवीस वर्षांचा करार म्हणजे पाच निवडणुका. दर, वाढ, बिघाडाची जबाबदारी आणि मुदतीनंतरची मालकी हे सगळे मराठीत लिहून सभेपुढे आले पाहिजे. पॅनेल धुण्याचे कामही कोणीतरी करणार आहे. धुळीने वीज घटते, म्हणून ते नियमित धुवावेच लागते. हे काम उद्या सफाई कामगाराच्या गळ्यात फुकट घातले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. उंचीवरच्या कामाला पट्टा, हेल्मेट, विमा आणि वेगळे वेतन करारातच हवे. बसवणी आणि देखभालीच्या नोकऱ्यांत आयटीआय शिकलेल्या आदिवासी आणि दलित मुलांना आरक्षण हवे.

आमच्या कार्यकर्त्यांनी आधी एक अर्ज करावा. नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर किती वीज मीटर आहेत, प्रत्येकाचे गेल्या तीन वर्षांचे युनिट किती, बिल किती, दंड-व्याज किती, आणि कोणता पथदिवा कोणत्या वस्तीत आहे, एवढी माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ते हातात घेऊनच अर्थसंकल्पाच्या सभेला जावे.