एकाचा निकाल, सगळ्यांच्या नावावर

जुलै २०२५ मधला तो किस्सा आठवतोय का? भारतीय फुटबॉल संघाला कोच हवा होता, १७० अर्ज आले होते आणि अचानक बातमी फुटली की बार्सिलोनाच्या झावीनेही अर्ज केलाय! आमच्या ग्रुपवर नुसता धुरळा. मग फेडरेशननेच खुलासा केला की झावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ते ईमेल खरे नव्हते. आता माझा धंदाच सॉफ्टवेअरचा, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला की मेल कुठून आलाय हे तपासायला कितीसा वेळ लागतो हो? :) असो.

१ ऑगस्टला खरं नाव जाहीर झालं. खालिद जमील. आणि ग्रुप एकदम थंड! "बस्स? हाच?" खोटं कशाला बोलू, माझीही पहिली प्रतिक्रिया तीच होती. आज त्याबद्दलच लिहायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खालिदचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या धामधुमीनंतर कुटुंब भारतात आलं आणि पुढे मुंबई हेच त्याचं मैदान झालं. मिडफिल्डर म्हणून तो महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळला, देशाकडूनही खेळला. दुखापतींनी मात्र पिच्छा सोडला नाही. शेवटी २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, मुंबई एफसी या क्लबमध्येच तो खेळाडूचा कोच झाला.

पुढची सात वर्षं त्याने जे केलं त्याला आमच्या भाषेत 'सपोर्ट प्रोजेक्ट' म्हणतात. म्हणजे बघा, हाताशी माणसं कमी, पैसा कमी, आणि काम एकच... सिस्टिम पडू द्यायची नाही. पडली नाही तर कुणी विचारत नाही, पडली की सगळे तुमच्याच डेस्कपाशी उभे. मुंबई एफसीने आय-लीग कधी जिंकली नाही, पण खालिद असेपर्यंत ती खालच्या डिव्हिजनमध्येही गेली नाही. २०१६ मध्ये क्लब आणि खालिद वेगळे झाले. तो गेला मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या वर्षी खाली घसरलेला, गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून कसाबसा परत आत आलेला.

३० एप्रिल २०१७. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, परीक्षा तोंडावर होती आणि मी मोबाईलवर स्कोअर बघत बसलेलो. शिलाँगमध्ये ऐझॉलला फक्त बरोबरी हवी होती. आधी गोल खाल्ला, मग फेडला, १-१! ऐझॉल चॅम्पियन, मोहन बागानच्या एका गुणाने पुढे. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी खाली गेली. दुसऱ्या दिवशी मी आमखास मैदानावर पोरांना हे सांगत सुटलो, तर निम्म्या जणांना ऐझॉल कुठे आहे तेच माहीत नव्हतं :)

पण ही काही परीकथा नाही. नंतर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोन्हीकडे तो फार टिकला नाही. २०२०-२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला अर्ध्या हंगामातून उचलून त्याने आयएसएलच्या प्लेऑफमध्ये नेलं, तेव्हा कुठे २०२१ मध्ये त्याला पूर्णवेळ मुख्य कोच केलं गेलं. लीग सुरू झाली २०१४ ला, आणि पहिला पूर्णवेळ भारतीय मुख्य कोच यायला सात वर्षं लागली! पुढच्या हंगामात तोच संघ अकरात दहावा आला, हेही सांगायला हवं. मग जमशेदपूर, तिथे सेमीफायनल, आणि मग देशाची जबाबदारी.

सुरुवात झकास झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२, आशियाई कपचं दार बंद. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. असा पराभव २००३ नंतर पहिल्यांदाच.

टीका व्हायलाच हवी. सिंगापूरविरुद्ध एकेचाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीला बोलावणं हा माझ्या मते हॉटफिक्स होता, उपाय नव्हे. पण त्या काळात आयएसएलचा नवा हंगाम सुरूच झालेला नव्हता, हेही मोजायला नको का?

माझा खरा मुद्दा मात्र वेगळा आहे. ढाक्यानंतर जिकडेतिकडे एकच वाक्य ऐकलं - "आपले कोच असेच." 'आपले'! स्टिमाचच्या हाताखाली जानेवारी २०२४ मध्ये आशियाई कपात तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. तेव्हा कुणी "क्रोएशियाचे कोच असेच" म्हटलं का? त्याच्यानंतर पुन्हा परदेशीच कोच आणला, मानोलो मार्केझ. आठ सामन्यांत एक विजय. आणि गोव्याचा सॅव्हियो मेदेरा? डिसेंबर २०११ मध्ये त्याने सॅफ कप जिंकून दिला, २०१२ मध्ये चॅलेंज कपात तिन्ही सामने हरला. त्याच्यानंतर थेट खालिदपर्यंत तेरा वर्षं एकही भारतीय कोच नाही! परदेशी माणूस हरला की तो माणूस हरतो. आपला हरला की सगळी जमात हरते.

हे मला एवढं का झोंबलं, सांगतो. पुण्यात पहिल्या नोकरीत असताना एका शुक्रवारी मी चुकीची स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवली. दीड तास सगळं बंद. चूक माझीच, शंभर टक्के. महिनाभर आधी टीममधल्या एका पुणेकराने असाच गोंधळ घातला होता, तेव्हा सगळे म्हणाले, "घाई झाली बिचाऱ्याची." माझ्या वेळी एक वरिष्ठ हसत म्हणाले, "मराठवाड्याकडची पोरं ना, बेसिक कच्चंच असतं." तेही मी गिळलं. पण नंतर माझ्याच कॉलेजचा एक ज्युनिअर इंटरव्ह्यूला आला आणि तेच वाक्य पुन्हा निघालं, या वेळी त्याच्यासाठी. त्याची निवड झाली नाही. तो खरंच कमी पडला असेलही. पण माझी ती स्क्रिप्ट त्याच्या खात्यावर मांडली गेली, ही टोचणी अजून जात नाही.

म्हणून खालिदला मोजायचं तर खुशाल मोजा. बचावात्मक खेळतो म्हणा, निवड चुकली म्हणा, गरज पडली तर काढा. स्वदेशी म्हणून सूट देऊ नका, त्याने ती कधी मागितलीही नाही. फक्त तो हिशोब त्याच्याच नावावर ठेवा. आमखासवर पोरांना शिकवणाऱ्या एखाद्याला उद्या कोचिंगचं लायसन्स काढावंसं वाटलं, तर ढाक्यातल्या त्या एका गोलाचं उत्तर त्याने का द्यायचं?