टेकामचा टेकाडे कोणी केला?

प्रतापगड म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे आणि १६५९ सालची अफझलखानाची भेट उभी राहते. पण मी ज्या प्रतापगडाच्या आसऱ्याने उभी हयात काढली तो हा नव्हे. माझा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, नवेगावबांधच्या रानाकडचा. तेथे डोंगरावर महादेव आहे, आणि त्याच डोंगरावर ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पुण्यामुंबईकडचा पाहुणा आला की हटकून विचारतो, ‘हाही महाराजांनीच बांधला काय?’ ‘नाही’ म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. नाव एक म्हणजे गोष्टही एकच असली पाहिजे, असे त्याने गृहीत धरलेले असते.

गडाच्या बाबतीत ही चूक निरुपद्रवी आहे. पाहुणा हिरमुसतो, चहा पितो आणि परत जातो. माणसांच्या बाबतीत मात्र तीच चूक आपण रोज करतो आणि तिला ‘आडनावांचे संशोधन’ असे भारदस्त नाव देतो. ज्ञातीच्या मासिकांतून, स्नेहसंमेलनांच्या स्मरणिकांतून आणि व्याख्यानमालांतून या संशोधनाला अलीकडे ऊत आला आहे. त्याची पद्धत अगदी सोपी असते. आडनाव कानाला जसे लागेल तसा एक संस्कृत शब्द शोधावा, तो न सापडल्यास एखादा रजपूत राजा गाठावा, आणि तोही हाती न लागल्यास ‘अपभ्रंश’ म्हणून मोकळे व्हावे. या विद्येविरुद्ध मला तक्रार गुदरावयाची आहे. ती विद्या मी स्वतः एकदा चालवली असल्यामुळे मला तसा अधिकारही आहे.

प्रथम ध्वनिसाम्याचा समाचार घेऊ. त्यासाठी एक इंग्रजी आडनावच घेतो, म्हणजे कोणाच्या ज्ञातीला धक्का लागणार नाही. विल्यम मेकपीस थॅकरे हा इंग्रज कादंबरीकार १८११ साली कलकत्त्यास जन्मला. आपल्याकडे प्रबोधनकार ठाकरे यांनी रोमन लिपीत आपले आडनाव या कादंबरीकाराच्या धर्तीवर लिहावयास घेतले, असे सांगतात. तो त्यांच्या आवडीचा भाग झाला. परंतु तेवढ्यावरून कोणी ‘ठाकरे आणि थॅकरे मुळात एकच’ म्हणू लागला तर त्याला काय म्हणावे? आणि असे म्हणणारे मला भेटले आहेत!

थॅकरे हे आडनाव उत्तर इंग्लंडातले. नवव्या शतकापासून तेथे नॉर्स लोक येऊन राहिले. त्यांच्या भाषेत ‘थाक’ म्हणजे छपरावर घालावयाचे गवत, बोरू. आणि ‘व्रा’ म्हणजे कोपरा. छपराचे बोरू जेथे उगवते तो कोपरा, इतका साधा अर्थ. यॉर्कशायरमध्ये थॅक्रे नावाची वस्ती होती. ती पुढे फ्यूस्टनच्या जलाशयाखाली गेली. गाव बुडाले आणि नाव माणसांवर तरंगत राहिले. आजही थॅक्रे, थॅकरे, थॅक्रा अशा वेगवेगळ्या रूपांत ते मुख्यतः लीड्सच्या आसपास भेटते.

आता आमच्या बाजूचे ठाकरे पाहा. गोंदियाकडच्या पोवारांच्या छत्तीस कुळांत ठाकरे आहेत, विदर्भातल्या कुणब्यांत ठाकरे आहेत आणि मुंबईच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंतही ठाकरे आहेत. यांतल्या कोणाचाही बोरूच्या कोपऱ्याशी संबंध नाही, आणि नुसत्या आडनावावरून ते परस्परांचे भाऊबंदही ठरत नाहीत. दोन नावे सारखी ऐकू आली म्हणजे त्यांचा उगम एक, हे मत ज्याला टाकवत नाही त्याने व्युत्पत्तीच्या वाटेस जाऊ नये.

दुसरी चूक याहून मोठी. आडनाव कळले की जात कळली, असे आपण समजतो. रेल्वेच्या डब्यात शेजारचा गृहस्थ ‘आपले आडनाव काय?’ असे विचारतो. उत्तराने समाधान झाले नाही तर ‘नाही, म्हणजे मूळचे कुठले?’ असे विचारतो. त्याला मूळही नको असते आणि गावही नको असते. त्याला जे हवे असते ते उघड विचारण्याची त्याला लाज वाटते, एवढेच. बरे, ही चोरवाट तरी त्याला मुक्कामाला पोचवते काय? पश्चिम महाराष्ट्रात पवार हे आडनाव आहे. आमच्याकडे पोवार ही जातच आहे, आणि पोवाराचे आडनाव बिसेन असते, कटरे असते, रहांगडाले, तुरकर, पटले, टेंभरे असते. याच पोवारांत पारधी नावाचे एक कूळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या धानाची शेती करणारा हा पारधी परगावी गेला की लोक त्याच्याकडे निराळ्याच नजरेने पाहतात. फासेपारध्यांना ज्या नजरेने पाहण्याचे पाप समाज करीत आला तीच ही नजर. आणि मेश्राम? गोंडांत मेश्राम आहेत, आणि विदर्भातल्या बौद्धांतही मेश्राम आहेत. डब्यातल्या गृहस्थाने आता काय करावे?

तिसरी चूक सर्वांत जड, आणि तीच माझ्या हातून घडली.

१९७४ साली मी गडाच्या आसपासच्या एका प्राथमिक शाळेत नवा शिक्षक म्हणून रुजू झालो. तेव्हा आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. जून महिन्यात एक गोंड बाप आपल्या मुलाला घेऊन आला. मी दाखलखारीज उघडले आणि आडनाव विचारले. तो म्हणाला, ‘टेकाम.’ मी पदवीधर होतो आणि व्युत्पत्तीची दोन पुस्तके वाचून बसलो होतो. मला वाटले, हा शब्द अडाण्यांच्या तोंडी घासून बिघडला असणार. टेकाम म्हणजे टेकाडावरचा. शुद्ध रूप टेकाडे. मी तसे लिहिले, वर बापाला समजावूनही सांगितले. तो नुसता हसला. मास्तर म्हणतो ते बरोबरच असणार! मला त्या दिवशी एक सत्कृत्य केल्याचे समाधान वाटले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

टेकाम हा टेकाडावरचा नव्हे. गोंडीत ‘टेका’ म्हणजे साग. टेकाम हे सागाचे कूळ. ‘मरका’ म्हणजे आंबा. मरकाम हे आंब्याचे कूळ. ‘नेई’ म्हणजे कुत्रा. त्याचे कूळ नेताम. यात गूढ काहीच नव्हते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरील आपल्या ग्रंथात ही कुळे १९१६ सालीच छापून ठेवली होती. मला पुस्तकाचीही गरज नव्हती. समोर उभ्या असलेल्या बापाला ‘याचा अर्थ काय हो?’ एवढे विचारले असते तरी पुरे होते. परंतु त्याचे आडनाव त्याच्या भाषेत काही म्हणत असेल ही शंकाच मला आली नाही. माझ्या लेखी ती भाषा नव्हती, बिघडलेली मराठी होती.

आणि गंमत अशी की खरी व्युत्पत्ती माझ्या खोट्या व्युत्पत्तीहून कितीतरी रसाळ निघाली. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. तेलुगूत सागाला ‘टेकू’ म्हणतात, मलयाळममध्ये ‘तेक्क’. हा मलयाळी शब्द पोर्तुगिजांनी उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला, आणि इंग्रजीत सागाचे नाव ‘टीक’ झाले. म्हणजे लंडनच्या वखारीतले सागवान आणि प्रतापगडच्या पायथ्याचा टेकाम हे एकाच शब्दकुळातले! येथेही सारखेपणा आहेच, परंतु तो नुसता कानाला भासलेला नाही. शब्द कोणाकडून कोणाकडे गेला याचा माग काढता येतो, म्हणून तो मानावयाचा. ठाकरे-थॅकरे आणि टेका-टीक यांत फरक आहे तो एवढाच, पण हा ‘एवढाच’ म्हणजे अख्खे शास्त्र आहे.

शिवाय गोंडाचे आडनाव हा शोभेचा फेटा नव्हे. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून विभागलेली असतात: चार देवांची, पाच देवांची, सहांची, सातांची. समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. आडनाव ऐकताच वडीलधारी माणसे सांगू शकतात की या घरी मुलगी देता येईल की नाही. म्हणजे तो त्या समाजाचा चालता-बोलता कायदा आहे. मी एका फटकाऱ्यासरशी त्या कायद्यातले एक कलम खोडले आणि त्या जागी माझे भाषाज्ञान चिकटवले.

याचे फळ २०११ साली समोर आले. त्याच मुलाची मुलगी बारावी होऊन पुढच्या शिक्षणाला निघाली. राखीव जागेसाठी जमातीच्या दाखल्याची वैधता हवी. अशा चौकशीत बापाच्या शाळेची नोंद पाहतात, आजोबांची नोंद पाहतात, आणि १९५० पूर्वीच्या कागदाला विशेष वजन असते. आजोबांच्या वेळच्या कोतवाल बुकात ‘टेकाम, गोंड’. बापाच्या दाखलखारीजात ‘टेकाडे’. मधला दुवा कोठे आहे? तो दुवा निवृत्त होऊन घरी पेपर वाचत बसला होता. बाप माझ्याकडे आला. एका शब्दाने त्याने मला दोष दिला नाही. ‘गुरुजी, तुमचं अक्षर आहे, तुम्हीच सांगा’, एवढेच म्हणाला. मी शपथपत्र केले, जेथे जावे लागले तेथे गेलो. वैधता मिळाली, पण त्या वर्षीची जागा हातची गेली होती. मुलीने एक वर्ष घरी काढले. एका पोरीच्या आयुष्यातले ते एक वर्ष माझ्या व्युत्पत्तीच्या खात्यावर जमा आहे.

कोणी म्हणेल, खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला म्हणून चौकशी कडक करावी लागली. खरे आहे. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन दुसऱ्याचा घास पळवणारे झाले, म्हणूनच १९९४ साली माधुरी पाटील यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची रीत घालून दिली. पण त्यातून चालीरीती, कुळदेव, आडनावे यांच्या प्रश्नोत्तरांचे स्तोम माजले, आणि २०२३ साली त्याच न्यायालयाला ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगावे लागले की ही कसोटी म्हणजे अंतिम निकाल नव्हे. नावावरून माणूस ओळखता येत नाही, हे या दोन्ही गोष्टींचे तात्पर्य. लबाड माणसाला सारखे नाव उपयोगी पडते आणि प्रामाणिक माणसाला बदललेले नाव नडते.

‘मग आडनावेच टाकून द्या’, असा सुधारकी सल्ला देणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. ज्याला आडनाव टाकावयाचे असेल त्याने खुशाल टाकावे. तो त्याचा हक्क. पण आडनाव गेल्याने विचारणाऱ्याची खोड जाईल, हा भ्रम आहे. तो गाव विचारील, देव विचारील, भाजीत काय घालता ते विचारील. आडनावावाचून जग चालते हे मात्र खरे. त्यासाठी दूर जावयास नको. आमच्या गडाजवळ गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. सामान्य तिबेट्याला आडनाव नसते. दोन नावे असतात आणि दोन्ही त्याची स्वतःची. त्यामुळे सख्ख्या भावांची ‘आडनावे’ निरनिराळी दिसतात, आणि आपल्या फॉर्मांतले आडनावाचे रकाने कोड्यात पडतात. कोड्यात रकाना पडतो, तिबेटी नव्हे. त्याचा बाप कोण हे त्याला पक्के ठाऊक असते!

तेव्हा माझे म्हणणे आडनावाच्या बाजूचेही नाही आणि विरुद्धही नाही. माझे भांडण दुसऱ्याचे नाव त्याला न विचारता सुधारणाऱ्याशी आहे. संशोधन अवश्य करा. पण ज्याचे नाव त्याच्या अंगणात जाऊन, त्याच्या भाषेत ऐका. त्याची म्हातारी आई काय अर्थ सांगते ते लिहून घ्या. मग तुमचे कोश उघडा. आणि जे आज शाळेच्या वहीवर किंवा संगणकावर बसले आहेत त्यांना या म्हाताऱ्या मास्तराचे सांगणे इतकेच की, सांगितले तसे लिहा.

परवा शिवरात्रीला मी गडावर गेलो होतो. आता दम लागतो. वाटेत एका पोराने हात दिला आणि वर नेऊन सोडले. तोंडावर प्रश्न आला होता: ‘कोणाचा रे तू?’ मी तो गिळला. त्याचे नाव विचारले. त्याने नुसते नाव सांगितले, आणि तेवढ्यावर माझे काही अडले नाही.