समजून घ्या : औट्रम घाटात बोगदा झाला, तर त्याची तपासणी कशी होईल?

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव आणि कन्नडदरम्यानच्या औट्रम घाटात ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने दरडी कोसळल्या. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने इथे अवजड वाहनांना बंदी आली. धुळे-सोलापूर मार्गावरील ट्रकना वळसा पडला आणि बोगद्याची जुनी मागणी पुन्हा पुढे आली. पण बोगदा झाला म्हणून डोंगराचा धोका संपत नाही.

खोदताना काय पाहतात?
इथला खडक बेसॉल्ट. त्याच्या कठीण थरांमध्ये लाल मातीचा थर असू शकतो. पाणी लागले की तो ढिला होतो. म्हणून सुरुंगाच्या प्रत्येक स्फोटानंतर भूवैज्ञानिक खडकाची नोंद करतात. त्यावरून आधार किती द्यायचा, हे ठरते. भिंती आत सरकल्या का, हे मिलिमीटरमध्ये मोजतात.

वाहतूक सुरू झाल्यावर?
हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर काँक्रीटचे अस्तर सुटल्याची शंका घेतात. गळती, भेगा, गटारे, पंखे आणि आपत्कालीन दरवाजेही तपासतात.

हे महत्त्वाचे का?
उत्तराखंडमध्ये सिल्क्यारा बोगद्याचे काम सुरू असताना १२ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याचा भाग कोसळला. ४१ कामगार १७ दिवस अडकले. त्यामुळे खान्देशाने ‘बोगदा कधी?’ एवढेच विचारून भागणार नाही. धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार कोणाला असेल, हेही विचारायला हवे.