वडीलधारें कुत्रें

मुलें कामावर व नातवंडें शाळेंत गेलीं, कीं आमच्या भांडुपांतील पुष्कळ आजोबा दिवसभर भिंतींशीं बोलतात. सोबतीस कुत्रें असावें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तें पिलूं नसावें. पिलूं चपला फाडतें, रात्रीं रडतें आणि साखळी ओढून सत्तरीच्या माणसास सहज पाडतें. आठ-नऊ वर्षांचें शांत कुत्रें सावकाश फेरी झाली, कीं पायांशीं निजतें. सोसायटीची भीति बाळगूं नये. पाळीव जनावरांवर बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय प्राणी कल्याण मंडळानें २०१५ सालीं कळविलेंच आहे.

म्हाताऱ्या जनावराचे दांत व सांधे मात्र दुखूं लागतात. परळास १८८३ सालीं स्थापन झालेलें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे खरें; पण भांडुपाहून तेथवर कुत्रें नेणें एकट्या आजोबांचें काम नव्हे. तें, विद्यार्थिमित्रहो, तुमचें.

आणखी एक. आजोबांच्या पश्चात् तें कोणाकडे राहील, हें आणण्यापूर्वींच ठरवावें. हा विषय काढणें आपल्याकडे अशुभ मानितात, म्हणून तो निघतच नाहीं. आणि तेराव्यानंतर तें मुकें जनावर दाराशीं बसून राहतें व घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.